कोंबड्याचं नको, कोंबडीचं पीस घ्या

परभणीच्या एका तरुणानं स्वतः बांधलेल्या सहा माश्यांचे, म्हणजे मासा फसावा म्हणून गळावर पीस-दोरा बांधून केलेल्या नकली किड्यांचे, फोटो पाठवलेत. एप्रिलमध्ये मित्रांबरोबर हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मागं जायचा बेत आहे आणि त्यासाठी जुन्या पद्धतीची बुडणारी माशी, म्हणजे वेट फ्लाय, घरीच बांधायची आहे. अडचण अशी की माशी बादलीत टाकली तर वरच तरंगते, दोन-चारदा फेकली की डोक्याकडचा दोरा उसवतो, आणि पंख लावले की एका अंगाला कलंडतात. शेवटी विचारलंय की याचं सामान मराठवाड्यात मिळतं का, की सगळंच बाहेरून मागवावं लागतं.

फोटो बघितले. तिन्ही दुखण्यांची कारणं पुढं एकेक सांगतो, पण सगळ्यात आधी डोळ्यात भरतं ते हे: तुम्ही सगळंच जास्त घालताय. पीस जास्त, लोकर जास्त, वेढे जास्त. चौथ्या फोटोतली माशी तर मला बाटली धुवायच्या ब्रशासारखी दिसली. रागावू नका, माझ्या पहिल्या वर्षाच्या माश्या याहून वाईट होत्या. रस्तेबांधणीच्या नोकरीत काही वर्षं कुल्लूकडे होतो, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्यानं माझी पहिली माशी हातात घेऊन, काही न बोलता, तिच्यातलं अर्धं पीस ब्लेडनं उडवलं आणि परत दिली. तिला मासा लागला. पुढं वाळूजला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता पैठणला असतो, पण त्या ब्लेडचा धडा अजून पुरतोय.

आधी ही माशी कशाचं सोंग आहे ते समजून घ्या. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याच्या आतच खातो. नदीच्या तळाशी दगडांखाली वाढलेले किडे पंख फुटायच्या वेळी वर यायला निघतात. काही पोचतात, काही अर्ध्या वाटेत अडकतात, काही पृष्ठभागावर येऊनही पंख सुकायच्या आत बुडतात. त्या अडकलेल्या, बुडालेल्या, धडपडणाऱ्या किड्याचं सोंग म्हणजे वेट फ्लाय. आपल्याकडं बहुरूपी पोलीस बनून दारात यायचा तेव्हा अंगावर खाकी सदरा आणि आवाजात जरब एवढंच असायचं, पायात चपलाच. तरी पोरं पळायची. इथंही तसंच. ट्राउटला सहा पाय मोजायला वेळ नसतो. वाहत्या पाण्यात समोरून काहीतरी जिवंत चाललंय असं त्याला वाटलं पाहिजे, आणि ते वाटायला लावतं ते पीस.

म्हणून बादली सोडा, काचेचा ग्लास घ्या. माशी पाण्यात बोटांनी चुरून ओली करा, दोऱ्याला बांधून ग्लासात सोडा आणि हळूच वर-खाली करा. चांगली माशी लगेच खाली जाते, वर ओढली की पिसाचे तंतू अंगाला चिकटतात, सैल सोडली की छत्रीसारखे उघडतात. मिटणं आणि उघडणं. हे झालं नाही तर माशी कितीही देखणी असो, ती शोकेसमध्ये ठेवायची. आणि एक, बांधायला बसण्याआधी हात साबणानं धुवा. आपण डोक्याला खोबरेल लावतो, केसांतून हात फिरवतो आणि त्याच बोटांनी पीस कुरवाळतो. तेलकट पीस पाणी धरत नाही. तुमची अर्धी तरंगणारी भानगड त्यातच असू शकते.

आता उरलेली अर्धी. फोटोतलं तांबडं, चकचकीत, टोकदार पीस कोंबड्याच्या मानेचं आहे. रविवारी चिकनच्या दुकानातून आणलं असणार, मीही तिथूनच आणायचो. कोंबड्याच्या मानेचे तंतू ताठ आणि गुळगुळीत असतात, पाणी झटकून टाकतात. तरंगणारी माशी बांधायची असेल तर असलं पीस सोन्याच्या भावाचं. बुडणारीला कोंबडीचं लागतं. गावरान कोंबडीच्या मानेचं किंवा पाठीचं पीस उजेडासमोर धरा. मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंधुक, मऊ लव दिसेल, तंतू एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतील. ही लव पाणी पिते आणि प्रवाहात लवलवते. ज्यांच्या घरी गावरान कोंबड्या आहेत त्यांना सांगून ठेवा, कोंबडी कापली की मान आणि पाठ कातडीसकट मीठ चोळून उन्हात वाळवून ठेवायची. तपकिरी रंगावर बारीक ठिपके असलेलं पीस मिळालं तर ते आधी उचला. ज्या पिसाचा मध्य काळा आणि कडा तांबूस, तेही वेगळं ठेवा, त्याचं काम पुढं आहे. वाळल्यावर शिकेकाईच्या पाण्यात धुवा, पुन्हा सुकवा आणि पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये टाका, नाहीतर कसर लागून दिवाळीपर्यंत नुसते कणे उरतील. घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा. आमच्याकडं आइस्क्रीमच्या डब्यात कोंबडीची मान निघाल्यावर दोन दिवस अबोला होता.

जुन्या इंग्रजी नमुन्यांत ‘पार्ट्रिज’चं पीस सांगितलेलं असतं आणि कुणीतरी तुम्हाला सांगेल की तो आपला तित्तरच. तित्तराच्या वाटेला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार गुन्हा आहे, आणि कोंबडीच्या ठिपकेदार पिसानं काम भागतं. मोरपिसाचंही तसंच. गळून पडलेलं पीस घरात असायला हरकत नसते, पण नायगावच्या मयूर अभयारण्यात फिरायला गेलात तर तिथून काही उचलून आणू नका. आपल्या माशीला ते लागतही नाही.

दोरा. इथं मात्र आपण मराठवाड्यातले लोक नशिबवान. या माश्या मूळच्या बारीक रेशमानं बांधायच्या, आणि रेशीम पैठणच्या मागावर रोज असतं. मी ओळखीच्या विणकराकडून तुटलेले, उरलेले धागे मागून आणतो: केशरी, पिवळा, जांभळा. पैठणीचा धागा तसाच वापरला तर जाड पडतो, त्याचे पदर सोडवून एक-दोन पदरच घ्यावे लागतात. उजेडात बसून, धाग्याचा पीळ उलटा फिरवला की पदर आपोआप सुटतात. कडक पाण्यानं किंवा शेतीकामानं बोटं खरखरीत झाली असतील तर रेशीम अडकून फिसकटतं, वज्रीनं बोटांची टोकं घासून घ्या. रेशमाऐवजी शिलाई मशीनचा पॉलिस्टर दोरा चालतो का? चालतो, सराव करायला चांगला. पण ओलं झाल्यावर रेशमाचा रंग जसा खोल होतो तसा त्याचा होत नाही. केशरी रेशीम पाण्यात गेलं की गडद तपकिरीकडं झुकतं, आणि मासा बघतो तो ओला रंग, आपल्या टेबलावरचा कोरडा नाही.

धाग्याला मेण लावल्याशिवाय बांधू नका. तुमचं डोकं उसवतं त्याचं निम्मं कारण हेच आहे. नुसतं मधाच्या पोळ्याचं मेण चालतं, पण ते गुळगुळीत. मी राळ चार भाग, मेण एक भाग आणि थोडंसं एरंडेल असं मिश्रण करतो. भांडं थेट गॅसवर ठेवू नका, राळ पेट घेते. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि थंड पाण्यात ओतून गोळ्या करा. गोळी बोटांत ऊब देऊन मऊ करायची आणि धागा तिच्यातून सर्रकन ओढायचा. सावकाश ओढला तर तुटतो.

या मेणाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८५४ सालच्या मे महिन्यात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ट्वीड नदीवर डरहमचे एक धर्मगुरू, कॅनन विल्यम ग्रीनवेल, मासे धरत होते. नदीवर एका जातीचे किडे उडत होते, ट्राउट तेच खात होते आणि ग्रीनवेलांच्या माशीकडं बघत नव्हते. त्यांनी एक किडा पकडून स्प्राउस्टन गावातल्या जेम्स राइट या माशी बांधणाऱ्याकडं नेला. राइटनं पिवळ्या रेशमाचं अंग, मध्य काळा नि कडा तांबूस असं पीस, आणि ब्लॅकबर्ड पक्ष्याचा पंख अशी माशी बांधून दिली. तीच ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’, पावणेदोनशे वर्षांच्या आसपास होत आली तरी अजून चालते. आता गंमत बघा, नमुन्यात लिहिलंय पिवळं रेशीम, पण ती माशी पिवळी दिसत नाही, शेवाळी दिसते. कारण धाग्याला लावायचं ते चांभाराचं काळपट मेण. ते लागलं की पिवळा धागा मळकट हिरवा होतो. मी पहिल्यांदा बांधली तेव्हा स्वच्छ पांढरं मेण लावलं होतं, माशी हळदीच्या गाठीसारखी पिवळीधमक झाली. तुमच्या गावात जोडे शिवणाऱ्या कारागिराकडं काळं मेण असेल तर चिमूटभर मागून घ्या, नाहीतर वरच्या मिश्रणात दिव्याची काजळी चिमटीभर घाला.

या माशीच्या अंगावर पुढं सोनेरी तार गुंडाळायची पद्धत पडली. त्या तारेसाठी पैठणीतली जर वापरावीशी वाटेल. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली चपटी पट्टी, दाताखाली आली की सुटते. त्यापेक्षा मोटार वाइंडिंगच्या दुकानात जा. आपल्याकडं वीज अशी की प्रत्येक तालुक्याला अशी दहा दुकानं आहेत आणि जळालेल्या मोटारी दारात पडलेल्या. ३८ ते ४० गेजची तांब्याची इनॅमल तार हातभर मागितली तर पैसेही घेणार नाहीत. ती जवळजवळ सोनेरीच दिसते आणि पंधरा शतांश मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असल्यानं वजन थोडं देते, जाडी वाढवत नाही.

गळ मात्र विकत घ्या, इथं काटकसर नको. वेट फ्लायचा गळ म्हणून मागा, १२ किंवा १४ नंबर. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे उलटं गणित लक्षात ठेवा. तार जरा जाड असावी, म्हणजे बुडतो. उलटा काटा बांधण्यापूर्वीच चिमट्यानं दाबून टाका. नंतर दाबायला गेलात आणि टोक मोडलं तर तासाभराची मेहनत पाण्यात. गळ धरायला खास व्हाइस मिळतो, पण मी दोन वर्षं लेथच्या कारागिराकडून करून घेतलेल्या साध्या पकडीवर काढली. बॉबिन धरायची नळी विकत मिळते, आणि तिच्या तोंडाला कंगोरा असेल तर दोरा कापते, पॉलिश पेपरनं घासा.

आता बांधूया. पंखांची माशी आत्ता बाजूला ठेवा. पहिल्या दोन डझन माश्या बिनपंखांच्या बांधा, ज्यांना उत्तर इंग्लंडात ‘स्पायडर’ म्हणतात. केशरी रेशीम आणि ठिपकेदार तपकिरी पीस, बस. दोनच जिनसा असल्यानं चूक लपत नाही.

गळ पकडीत घट्ट बसवा, दांडी आडवी. नेढ्यापासून सुरुवात करायचा मोह होतो, तो आवरा. नेढ्यामागं दीड नेढ्याएवढी जागा मोकळी सोडून दोरा सुरू करा. ही मोकळी जागा म्हणजे घरापुढचं अंगण समजा, तिथं शेवटपर्यंत काही बांधायचं नाही. तुमच्या सहाही माश्यांत हे अंगण गिळलेलं आहे, म्हणून शेवटच्या गाठीला जागा नाही, म्हणून ती नेढ्यावरून घसरते, म्हणून उसवते. दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून मागं न्या, गळाच्या टोकाच्या वर आलात की थांबा. बाकाच्या उतारावर जाऊ नका. तिथून तसेच चिकट वेढे घेत परत पुढं. झालं अंग. दोन थर, त्याहून एकही जास्त नाही. लोकर नाही, काही नाही. एवढं हडकुळं अंग बघून जीव खालीवर होईल, होऊ द्या.

दोरा किती ताणायचा हे शब्दांत सांगता येत नाही, हातानं कळतं. त्यासाठी नुसत्या गळावर दोरा मुद्दाम तुटेपर्यंत ओढून बघा, सहा-सात वेळा. तुटण्याच्या जरा अलीकडं जो ताण असतो तो बांधायचा ताण. शेतात कासरा आवळणाऱ्या हाताला हे लवकर जमतं, कॉम्प्युटरवाल्यांना जरा वेळ लागतो.

पीस निवडताना त्याचे तंतू गळाच्या बाकापर्यंत किंवा त्याच्या किंचित पुढं पोचतील एवढेच लांब हवेत. बुडाकडचा कापसासारखा भाग खुडून टाका. टोकाकडचे चार-पाच तंतू तसेच ठेवून बाकीचे बोटांनी मागं कुरवाळा, म्हणजे शेंडा वेगळा निघेल. तो शेंडा अंगणाच्या मागच्या कडेला, पिसाची चकचकीत बाजू नेढ्याकडं येईल असा बांधा. बाजू चुकली तर तंतू मागं झुकायच्या ऐवजी पुढं तोंड करून उभे राहतात. आता पीस बुडाला धरून वेढे घ्या. एक. दोन. थांबा. तिसरा घ्यायला हात शिवशिवेल. पीस फुकट जातंय, अजून लांब आहे, पूर्ण वापरूया असं मनात येईल. आपण ताटात काही टाकू नये असं शिकलेली माणसं, ही सवय इथं नडते. दोन वेढे म्हणजे दोन. उरलेलं कापून टाका. पाण्यात उघड-मीट व्हायला तंतूंना मोकळी हवा लागते, गर्दी केली की ते एकमेकांना टेकून ताठ उभे राहतात आणि मऊ पिसाचाही ब्रश होतो.

स्पायडर जमली, ग्लासात उघडली-मिटली, की मग ग्रीनवेलकडं या. पिवळा मेणाचा दोरा, मागं तार बांधायची, दोऱ्याचं अंग पुढं आणायचं, त्यावर तार उलट्या दिशेनं चार-पाच मोकळ्या वेढ्यांत. मग काळ्या मध्याचं तांबूस कोंबडीचं पीस, तेच दोन वेढे, आणि वरचे तंतू खाली कुरवाळून दोऱ्यानं दाबायचे, म्हणजे वर पंखाला सपाट जागा होते.

पंखाचं दुखणं जरा सविस्तर. ब्लॅकबर्ड आपल्याला नको, पाळीव बदकाचं राखाडी पीस उत्तम, नसेल तर कोंबडीचं. पण पिसं पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखातली, एकाच जागची, जोडीनं हवीत. एकाच पंखातून दोन तुकडे घेतले तर दोघांचा बाक एकाच दिशेला असतो, आणि मग पंख कलंडणारच. दोन्ही पिसांतून तीन मिलिमीटर रुंदीची चीर काढा, आतल्या बाजू समोरासमोर, जशी नमस्कारात हाताची जोडी. लांबी बाकापर्यंत, थोडी जास्त चालेल.

आता चिमूट. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ही जोडी धरून अंगणाच्या मागच्या कडेवर बसवा, बोटं गळाच्या दोन्ही अंगांना खालपर्यंत टेकलेली. दोरा अंगठ्याच्या आणि पिसाच्या मधून सरळ वर न्या, पलीकडं तर्जनीच्या आणि पिसाच्या मधून खाली आणा, वर एक सैल फास उरेल. आता चिमूट जराही न सोडता दोरा थेट खाली ओढा. तंतू एकावर एक बसत खाली दबतात. तुम्ही बहुधा दोरा गोल फिरवत आवळताय, त्यामुळं तो पंखाला आपल्याबरोबर पलीकडं ओढून नेतो. अजून दोन वेढे तसेच चिमटीत घ्या, मग बोटं सोडा. तिरका दिसला तर बोटानं सरळ करायच्या फंदात पडू नका, सोडवा आणि नवी जोडी घ्या. मला आजही पाचांत एक सोडवावी लागते.

शेवटची गाठ. साध्या फासाच्या गाठी तीन मारून लोक मोकळे होतात, त्या सुटतात. दोराच्या टोकाला उसवू नये म्हणून दोरीनं आवळून टोक वेढ्यांखालून ओढून घेतात, तीच युक्ती इथं. दोऱ्याचा मोठा फास करून त्याच्याच उभ्या धाग्यावर पाच वेढे घालायचे आणि टोक ओढून फास आत घ्यायचा. व्हिप फिनिशचं हत्यार मिळतं, पण आधी बोटांनी शिका, नदीवर हत्यार सापडत नसतं. वर नेलपॉलिशचा रंगहीन थेंब सुईच्या टोकानं.

सराव कुठं करायचा? ट्राउट आपल्याकडं जगत नाही, पाणी विशीच्या वर गेलं की तो हैराण होतो आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पण शेततळ्यातली चिलापी लहान बुडणारी माशी छान घेते. मालकाला विचारून जा, धरणावर जायचं तर तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. शेततळ्याला अस्तर असेल तर गळ प्लास्टिकमध्ये रुतवू नका, एका भोकानं पाणी जातं आणि मैत्रीही. काठाचं ओलं प्लास्टिक निसरडं असतं, घसरलेला माणूस वर चढू शकत नाही, म्हणून एकट्यानं जायचं नाही आणि काठावर दोर बांधलेला असल्याशिवाय कडेला उभं राहायचं नाही.

तीर्थनवर मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. हिमाचलात ट्राउटचा हंगाम १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतो, तुमचा एप्रिल ठीक आहे. माशी प्रवाहाला आडवी, थोडी खालच्या अंगाला फेका आणि दोरीच्या टोकाला तिला अर्धवर्तुळ फिरू द्या. ओढ बहुतेक फेरी संपताना, माशी वर उठायला लागते तेव्हा बसते. तेव्हा काठी उपटू नका, नुसती उचला.

आणि नेलपॉलिश सुकायच्या आत प्रत्येक माशीच्या नेढ्यातून एक पीस ओढून ते साफ करून घ्या. मी एकदा विसरलो होतो. पहाटे बर्फाच्या पाण्याकाठी सुन्न बोटांनी, एकामागून एक अकरा बंद नेढ्यांच्या माश्या दातात धरून टाचणीनं उकरत बसलो, तोवर ऊन वर आलं आणि मासे दगडाखाली गेले.